मांसल मुळांच्या वनस्पती : लागवड, जोपासना आणि जतन



मृगाचा पाऊस पडला की थोड्याच दिवसांत उघड्या माळावर, रानाच्या कडेला आणि परसातल्या विसरलेल्या कोपऱ्यातही काही वनस्पती आपोआप वर येतात. कोणी त्यांचे बी पेरलेले नसते, रोप लावलेले नसते. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील बाजारात आदिवासी भगिनी फोडशीच्या कोवळ्या पानांच्या जुड्या विकावयास आणतात, त्या याच दिवसांत. उन्हाळ्यात जेथे गवताची काडीदेखील नव्हती, तेथे ही हिरवी पाने आली कोठून, असा प्रश्न शाळेतील चौकस मुलगा विचारतो. त्याचे उत्तर जमिनीच्या पोटात असते. तेथे या वनस्पतींची जाड, रसदार, अन्नाने भरलेली मुळे आठ महिने पावसाची वाट पाहत पडून असतात. अशा मुळांना वनस्पतिशास्त्रात मांसल मुळे म्हणतात.

रताळे, शतावरी, सफेद मुसळी, डेलिया आणि गुलबक्षी ही या वर्गातील परिचित नावे होत. यांपैकी काही पोट भरतात, काही औषधाला लागतात आणि काही केवळ डोळ्यांना सुख देतात. तथापि त्यांच्या जोपासनेचा मूलमंत्र बहुतांशी एकच आहे. तो ध्यानात न घेतल्यामुळे बागेत लावलेली झाडे कुजतात आणि रानातली नाहीशी होतात. या विषयाचा विचार शाळा, ग्रामपंचायत आणि शासकीय यंत्रणा यांनी मिळून करणे अगत्याचे आहे, ते याचसाठी.

मूळ कोणते आणि खोड कोणते?

जमिनीखाली वाढते ते सारे मूळच, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. बटाटा हे मूळ नसून फुगलेले खोड आहे. त्याच्या अंगावर जागोजाग दिसणारे डोळे ही त्या खोडावरील कोंबांची स्थाने होत. हळद आणि आले हीदेखील जमिनीत आडवी वाढणारी खोडे. कांदा म्हणजे एका चपट्या खोडाभोवती एकावर एक रचलेली जाड पाने. मुळा आणि गाजर यांत मात्र मुख्य मूळच अन्न साठवून फुगते. डेलिया, शतावरी आणि मुसळी यांच्या झाडाच्या बुडाशी अनेक मुळे एकत्र फुगतात आणि बोटांसारखा त्यांचा झुबका तयार होतो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. लागवडीची पद्धत त्यावर ठरते. बटाट्याचा डोळा असलेला कोणताही तुकडा रुजतो. डेलियाचे किंवा मुसळीचे नुसते मूळ कितीही टपोरे असले तरी रुजत नाही, कारण त्याच्या अंगावर डोळा नसतो. मुळे जेथे खोडाला मिळतात, त्या माथ्यावरच कोंब फुटण्याची शक्ती असते.

शेतकऱ्याच्या घरातील दाखला घ्यावयाचा तर, मांसल मूळ ही धान्याची कणगी आहे आणि माथा हे पुढच्या हंगामाचे बियाणे आहे. कणगीतील धान्य खाण्यासाठीच असते, त्यात काही वावगे नाही. परंतु बियाणेही खाऊन टाकणाऱ्या घरात पुढच्या वर्षी पेरणी होत नाही. मुळाचा तुकडा माथ्याच्या अंशासह लावावा आणि मुळे काढून घेतल्यावर माथा पुन्हा जमिनीत ठेवावा, हा या वनस्पतींच्या जोपासनेचा पहिला नियम होय. रताळे या नियमाला अपवाद आहे; त्याच्या मुळावर नवे कोंब फुटू शकतात. मात्र त्याचीही लागवड प्रत्यक्षात वेलाच्या तुकड्यांनीच करतात.

जमीन आणि पाणी

या वनस्पतींचा सर्वांत मोठा शत्रू कीड नव्हे. साचलेले पाणी हा होय. मुळात अन्न आणि पाणी दोन्ही भरलेली असल्यामुळे बुरशीला ते आयते खाद्य असते. मुळाभोवतीची हवा पाण्याने कोंडली की थोड्याच दिवसांत कुज सुरू होते. वर पाने पिवळी पडून माना टाकतात. ती पाहून पाणी कमी पडले असे वाटते, आणखी पाणी घातले जाते आणि झाड कायमचे जाते.

यावर उपाय सोपा आहे. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ येथील भारी काळ्या जमिनीत, तसेच कोकणातील अतिपावसात या वनस्पती सपाट वाफ्यात लावू नयेत. जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे किंवा सरी-वरंबे करावेत आणि पाणी बाहेर जाण्यासाठी चर ठेवावा. माती भारी असल्यास तीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडीत लावावयाचे असल्यास माती, वाळू आणि शेणखत समभाग घेऊन तळाच्या भोकावर खापराचे तुकडे ठेवावेत.

ताजे शेण कदापि वापरू नये. त्याबरोबर हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात आणि मुळे कुरतडतात. नत्रयुक्त खताचा अतिरेकही टाळावा. त्यामुळे पाला माजतो आणि मुळे बारीक राहतात. मुळे पोसण्यास पालाश उपयोगी पडते. परसबागेपुरती ही गरज चुलीतील लाकडाची थोडी राख देऊनही भागविता येते. मात्र खारवट किंवा चोपण जमिनीत राख घालू नये.

विश्रांतीचा काळ

दुसरा नियम विश्रांतीचा. यांपैकी बहुतेक वनस्पती वर्षातील काही महिने झोपतात. पाने पिवळी होतात, वाळतात आणि झाड मेले असे वाटते. वस्तुतः या काळात पानांतील उरलेसुरले अन्न मुळात उतरत असते. म्हणून पाने पिवळी पडू लागली की ती ओढून काढू नयेत. पूर्ण वाळू द्यावीत. पाणी हळूहळू कमी करून शेवटी बंद करावे. शाळेच्या बागेत या बाबतीत दोन प्रकारे नुकसान होते. रोज पाणी घालण्याची पाळी नेमून दिलेली मुले निजलेल्या झाडालाही पाणी घालतात आणि मूळ कुजते. किंवा सुटीत वाफा रिकामा समजून कोणी खणून टाकतो. म्हणून प्रत्येक वाफ्यावर झाडाचे नाव आणि विश्रांतीचे महिने लिहिलेली पाटी कायम असावी.

डेलिया

डेलिया मूळचा मेक्सिकोचा. तेथून १७८९ साली त्याचे बी स्पेनमधील माद्रिदच्या वनस्पती उद्यानात आले. कावानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ साली अँडर्स डाल या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्यास हे नाव दिले. १९६३ साली मेक्सिकोने हे फूल आपले राष्ट्रीय पुष्प म्हणून जाहीर केले. आपल्याकडे थंडीच्या मोसमात शासकीय कार्यालयांच्या आणि शाळांच्या आवारात ते शोभा आणते.

पठारी भागात पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डेलियाची लागवड करावी. झाड पोकळ खोडाचे असल्याने आधाराची काठी लागते. ही काठी मूळ लावण्यापूर्वीच रोवावी. मागाहून रोवल्यास ती नेमकी मुळात घुसते. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. फुलांचा बहर संपून पाने पिवळी पडली की खोड जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर कापावे आणि फूटभर अंतरावरून खणून मुळांचा झुबका अलगद उचलावा. खोड धरून उपटल्यास मुळांच्या माना मोडतात, आणि मान मोडलेले मूळ टपोरे असूनही निरुपयोगी ठरते.

काढलेला झुबका काही दिवस सावलीत उलटा ठेवून खोडातील पाणी निथळू द्यावे. नंतर तो लाकडी खोक्यात वाळूत पुरून घरातील थंड, हवेशीर कोपऱ्यात ठेवावा. आपल्या उन्हाळ्यात मुळे सुरकुतण्याची भीती असते; म्हणून महिन्यातून एकदा पाहणी करावी, कुजलेली मुळे काढून टाकावीत आणि फार सुकलेली दिसल्यास वाळूवर पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. लागवडीपूर्वी माथ्यावरील डोळे फुगले की धारदार चाकूने भाग पाडावेत. प्रत्येक भागास किमान एक डोळा असावा आणि कापलेल्या जागी राख लावावी. अशा रीतीने एका झुबक्यापासून तीन-चार झाडे मिळतात आणि दरवर्षी नवी रोपे विकत घेण्याचा खर्च वाचतो.

शतावरी

शतावरीचा काटेरी वेल सह्याद्रीच्या जंगलांत आणि गावकुसाच्या कुंपणांवर आढळतो. आयुर्वेदात तिच्या मुळांना मोठे स्थान आहे. ज्यांना आपण तिची नाजूक पाने समजतो, ती वस्तुतः पानांचे काम करणारी बारीक खोडे होत. लागवड बियांपासून किंवा माथ्याचे भाग करून करतात. बी टणक असल्याने रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या आरंभी पेरावे आणि उगवणीस वेळ लागतो म्हणून धीर सोडू नये. वेलास मांडव किंवा कुंपणाचा आधार द्यावा. मुळे काढण्याजोगी होण्यास दीड ते तीन वर्षे लागतात. काढताना सर्व मुळे न घेता एका बाजूची घ्यावीत आणि माथा काही मुळांसह जागीच राहू द्यावा. मग तोच वेल पुन्हा पोसतो. कार्यालयांच्या व्हरांड्यात कुंड्यांतून लोंबणारे शोभेचे अ‍ॅस्परॅगस हे शतावरीचेच भावंड. त्याच्या मुळांवरील पाण्याने भरलेल्या गाठींमुळे ते आठ दिवस पाणी न मिळाले तरी तग धरते, परंतु रोजच्या पाण्याने बिघडते.

रताळे

उपवासाला चालणारे रताळे हे मांसल मुळांतील खरे अन्नपीक. शाळेच्या परसबागेस याहून सोपे पीक दुसरे नाही. चार-पाच पेरांचे, सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे वेलाचे शेंडे घ्यावेत आणि त्यांची मधली पेरे मातीआड जातील अशा बेताने ते वरंब्यावर लावावेत. वेल पसरू लागले की अधूनमधून उचलून फिरवावेत. नाहीतर प्रत्येक पेराशी मुळे सुटून अन्न वाटले जाते आणि रताळी बारीक राहतात. वरंब्यास भेगा पडू देऊ नयेत, कारण भेगांतूनच सोंड्या भुंगा रताळ्यापर्यंत पोहोचतो. वेळोवेळी मातीची भर द्यावी. साडेतीन ते चार महिन्यांनी पीक तयार होते. एक रताळे कापून पाहावे. चीक पांढराच राहून सुकला तर पीक तयार, तो काळसर-हिरवट झाला तर अजून अवकाश आहे, असे समजावे.

पांढऱ्या गराच्या रताळ्यात पिष्ट भरपूर असते, परंतु नारिंगी गराच्या जातींत त्याशिवाय बीटा-कॅरोटीन असते. शरीरात त्याचे अ जीवनसत्त्व बनते आणि मुलांच्या दृष्टीसाठी ते आवश्यक असते. आफ्रिकेत अशा रताळ्याचा प्रसार करणारे मारिया आंद्राद, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या तिघांना, तसेच पोषणसमृद्ध पिकांचा पुरस्कार करणारे हॉवर्थ बूइस यांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. भारतात तिरुअनंतपुरम येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही नारिंगी गराची जात दिली आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ ही जातही आपल्याकडे परिचित आहे. शाळेच्या पोषण आहारासाठी परसबाग करताना एक वाफा नारिंगी रताळ्याचा असावा, हे यावरून स्पष्ट होईल.

सफेद मुसळी : रानातील प्रश्न

आता या विषयाच्या मर्माकडे वळावयाचे. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम असे आहे. यातील दुसरा शब्द मुंबईजवळच्या बोरिवलीवरून आला आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापन केलेले आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुरा वाहिलेले फादर सांतापाव यांनी फर्नांडिस यांच्यासमवेत १९५०च्या दशकात या जातीचे प्रथम वर्णन केले. महाराष्ट्रातील एका गावाचे नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात नेणारी ही वनस्पती आज बेसुमार खोदाईमुळे रानात अनेक ठिकाणी विरळ झाली आहे.

याचे कारण तिच्या जीवनक्रमातच दडलेले आहे. पहिल्या पावसाने मुसळी उगवते, पावसाळ्यात फुलते, बी धरते आणि हस्ताच्या सुमारास तिची पाने वाळून जातात. त्यानंतर मूळ जमिनीतच पक्व होते. परंतु पाने गेल्यावर रानात ती सापडणार कशी? म्हणून खोदणारा ती हिरवी असतानाच खणतो. त्या वेळी बी पडलेले नसते, मूळ पुरते भरलेले नसते आणि संपूर्ण झुबका माथ्यासह उचलला जातो. अपक्व मुळास भावही कमी मिळतो. म्हणजे रानाचे नुकसान होते आणि खोदणाऱ्या गरीब कुटुंबाच्या पदरातही पुरते काही पडत नाही.

यावर मार्ग आहे. पावसाळ्यात झाडाशेजारी खुंटी रोवून जागेची खूण करावी. पाने वाळून बी पडल्यावर, हिवाळ्यात तेथे खणावे. जाड मुळे घेऊन माथा दोन-तीन मुळांसह पुन्हा पुरावा आणि प्रत्येक ठिकाणी काही झाडे मुळीच न खणता सोडावीत. खूण केलेले झाड दुसऱ्याने खणू नये, एवढा संकेत मात्र गावाने एकत्र बसून ठरवावा लागेल. एकट्याने नियम पाळून हे साधणार नाही.

लागवड हा दुसरा मार्ग. त्यातही माथ्याच्या अंशासह असलेली मुळेच बेणे म्हणून घ्यावीत. २००० सालाच्या सुमारास महाराष्ट्रात मुसळीच्या लागवडीची मोठी लाट आली होती. बेण्याचे भाव चढले, खरेदीच्या तोंडी आश्वासनांवर अनेक शेतकऱ्यांनी पैसा गुंतवला आणि भाव उतरताच ते अडचणीत आले. म्हणून आरंभ एखाद्या गुंठ्याने करावा, स्वतःचे बेणे वाढवावे आणि ग्राहक निश्चित झाल्याखेरीज क्षेत्र वाढवू नये, असाच सल्ला अधिकाऱ्यांनी द्यावा.

सावधगिरीची सूचना

जमिनीतून निघालेले प्रत्येक मूळ किंवा कंद खाण्याजोगा नसतो, हे मुलांच्या मनावर ठसविले पाहिजे. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी, म्हणजेच खड्यानाग, हिचे उदाहरण घ्यावे. ही तमिळनाडूची राज्यपुष्प आहे. तिचा नांगराच्या आकाराचा कंद शास्त्रदृष्ट्या मूळ नसून खोड आहे. त्यात कॉल्चिसिन हे अत्यंत विषारी द्रव्य असते आणि खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना घडल्या आहेत. त्या विषावर हमखास उतारा नाही. म्हणून ही वनस्पती शाळेच्या आवारात लावू नये. अन्यत्र लावल्यास भाजीच्या वाफ्यांपासून दूर लावावी आणि हाताळल्यावर हात धुवावेत. गुलबक्षी निरुपद्रवी दिसते, परंतु तिचीही मुळे आणि बिया पोटात जाता कामा नयेत. चुकून असे काही खाण्यात आल्यास घरगुती उपचारात वेळ न घालवता, वनस्पतीचा नमुना बरोबर घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

शाळा आणि ग्रामपंचायतींचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे आणि गावातील वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही तिने ठेवावयाची आहे. वन हक्क अधिनियम, २००६ ने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले आणि त्याबरोबरच वनांच्या रक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेकडे दिली आहे. गावात मुसळी व शतावरी कोठे होती, कोठे उरली आहे आणि कोण कोणत्या महिन्यात खणतो, याची माहिती सरकारी दप्तरापेक्षा वृद्ध स्त्रीपुरुषांजवळ अधिक असते. शिक्षकांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांनी ती लिहून घ्यावी.

त्याबरोबर प्रत्येक गावात एक लहानसा मातृवाफा असावा. शाळेच्या कुंपणालगत, पाणी न साचणाऱ्या जागी दोन गादीवाफे पुरेत. एकात शतावरी आणि मुसळी, दुसऱ्यात नारिंगी रताळे आणि शोभेसाठी डेलिया. यास मोठे अनुदान लागत नाही. लागते ती बारा महिन्यांची नोंद. कोंब कधी आला, फूल कधी आले, पाने कधी वाळली, मुळे किती निघाली आणि माथे किती परत लावले, हे मुलांनी वहीत लिहावे. तीन वर्षांत तो वाफा गावाला बेणे पुरवू लागेल आणि रानावरील भार तितका कमी होईल.

मुळे काढणाऱ्याचा हात थांबविणे हा या प्रयत्नांचा हेतू नाही. त्यांवर अनेकांचे पोट अवलंबून आहे. मुळे घेतल्यावर माथा जमिनीत परत जावा, एवढेच अपेक्षित आहे. हा नियम कुंडीतल्या डेलियाला लागू आहे आणि सह्याद्रीतल्या मुसळीलाही. शाळेच्या वाफ्यात तो शिकलेला मुलगा उद्या रानात गेला, तर मूठभर माती पुन्हा लोटून मगच उठेल.